आपलीच चोरी शोधणारा निवेदक

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही रहस्यकादंबरी १८६८ साली डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हिऱ्याच्या चोरीची हकिकत तीत अनेक साक्षीदार लिहितात. प्रत्येकाने स्वतः पाहिले तेवढेच सांगावे, असा कोर्टासारखा दंडक. हा दंडक घालणारा फ्रँकलिन ब्लेक चोराचा माग काढतो आणि अखेर स्वतःपाशीच येऊन पोहोचतो. अफूच्या अमलाखाली हिरा त्यानेच उचललेला असतो. तो खोटे बोललेला नसतो. आपली करणी त्याला ठाऊकच नसते. संधिवातापायी अफूचा अर्क घेणाऱ्या कॉलिन्सला हा अंमल परिचयाचा होता.

परंतु खरी चोरी त्याआधीची आहे. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले, त्या लुटीत ब्लेकचा मामा हर्नकॅसल याने रखवालदारांचे खून पाडून तो हिरा पळवला, असे प्रस्तावनेतच येते. पुढे मृत्युपत्राने तो भाचीला मिळतो. घरातले लोक शोध घेतात तो एका रात्रीच्या चोरीचा. वारशाला चोरी कोणी म्हणत नाही. शेवटी हिरा सोमनाथच्या चंद्रदेवतेकडे परततो. निवेदकाची विस्मृती कॉलिन्सने अशी एका साम्राज्याच्या विस्मृतीशेजारी ठेवली आहे. दप्तरातली प्रामाणिक साक्ष वाचतानाही म्हणूनच विचारावे लागते: साक्षीदाराला स्वतःविषयी काय ठाऊक नव्हते?