गागोदं, पेण, रोहा आणि मामाची जमीन

मंडळी, जानेवारी संपत आला, मंडईत वालाच्या शेंगा दिसू लागल्या की मला रोहा आठवतं. रोहा हे आमचं आजोळ. मामा गेला, वाडा विकला गेला, आणि जाणं थांबलं ते थांबलंच. यंदा भाच्याने गाडी काढली. तो म्हणाला, "मावशी, एका दिवसात पेण-रोहा करून येऊ." ऐंशी ओलांडलेली ताईही चटकन तयार झाली. तिची एकच अट होती, जेवण घरचं बांधून न्यायचं नाही, तिथलंच खायचं!

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. खोपोलीला घाट उतरून पेणच्या रस्त्याला लागलो की वाटेत गागोदं येतं. आचार्य विनोबा भावे यांचं हे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ ही तारीख मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिली असेल! पण गाव पाहिलं ते आता, सत्तरी उलटल्यावर. इतिहासाच्या शिक्षिकेला हे सांगायला लाजच वाटते.

विनोबांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. घरी फणस फोडला की आई म्हणायची, आधी घरोघर गरे वाटून ये, मग तू खा. हाच मुलगा पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला गेला. तिथल्या भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. गरे वाटण्यापासून जमीन वाटण्यापर्यंतची ही वाट मी मुलांना शिकवत असे, पण घरी हा विषय निघाला की गप्प बसत असे. त्याचं कारण पुढे सांगते.

पेणला पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. दडपे पोहे खाल्ले. ओला नारळ, कांदा, लिंबू, वरून भाजलेला पोह्याचा पापड चुरून. पोहे पेणचे असल्यावर आणखी काय हवं? पापडांची चार पाकिटं घेतली. मग एका गणपतीच्या कारखान्यात डोकावलो. आपल्याला भाद्रपदात आठवण होते, पण पेण आणि जवळची हमरापूर, जोहे, तांबडशेत ही गावं वर्षभर याच कामात असतात. आत रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगाच रांगा. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, आणि ती सगळ्यांना जमत नाही. शाडू येतो थेट गुजरातेतून, भावनगरकडून. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची नियमावली काढली, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यात कारागिरांच्या डोक्याला किती घोर लागला असेल! शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ घेणारी. पण नदीचा विचारही करायलाच हवा. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की माझ्यासारखीला निकाल देता येत नाही.

पेणहून पुढे वडखळ. इथून एक फाटा अलिबागकडे जातो. त्याच बाजूला चरी गाव आहे. मुलांनो (सवय जात नाही हो!), तुम्ही मिठाच्या सत्याग्रहाचं वाचलंत, पण चरीचा शेतकरी संप वाचलात का? १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचं कुळांनी बंद केलं. संप १९३९ पर्यंत चालला. शेतं ओस, घरात दाणा नाही, लोकांनी लाकडं विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९३९ चा कूळकायदा, मग १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', म्हणजे कसणारं कूळ त्या दिवसापासून जमिनीचं मालक.

जमिनीचा प्रश्न इथे त्यानंतरही संपला नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी याच पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं. बहुसंख्यांनी नाही म्हटलं. विनोबांच्या तालुक्यात लोकांनी जमीन राखण्यासाठी रांगा लावल्या. मला यात विसंगती वाटत नाही. स्वतः होऊन देणं वेगळं आणि काढून घेतलं जाणं वेगळं.

नागोठण्याला अंबा नदीवरचा जुना दगडी पूल ताईला दाखवला. सुमारे १५८० साली चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधलेला. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी पन्नास वर्षं! तिथून भिसे खिंड चढून उतरलो की रोहा.

कुंडलिका दिसली आणि ताई खिडकीला चिकटली. आधी धावीर महाराजांचं दर्शन. हे ग्रामदैवत, दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुकीनिशी मानवंदना देतात. मग सी. डी. देशमुखांची आठवण निघाली. त्यांचा जन्म रायगडाजवळच्या नाते गावचा, १४ जानेवारी १८९६, पण बालपण रोह्यातलं. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. गंमत बघा, विनोबा आणि देशमुख एकाच जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतराने जन्मले आणि १९८२ साली दीड महिन्याच्या अंतराने गेले. एकाने देशाचा पैसा सांभाळला, दुसऱ्याने पैशाला हात लावायचं सोडलं.

जेवायला एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हे कडवे वाल येतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग एकेक सोला. आजी आम्हा पोरांना ओळीने सोलायला बसवायची. ताई पहिला घास घेऊन म्हणाली, "गूळ जरा कमी आहे." बाकी काही बोलली नाही, पण दोनदा वाढून घेतलं.

आता ते कारण. १९५७ साली मामाची बरीचशी जमीन कुळांकडे गेली. किंमत मिळाली ती थोडी आणि हप्त्याहप्त्याने. "आमची जमीन खाल्ली" हे वाक्य आम्ही आजोळी भाकरीबरोबर खाल्लं. मी वर्गात कूळकायद्याचे फायदे लिहून द्यायची आणि घरी मान डोलवायची. भाच्याचा रोह्यातला एक मित्र त्याच कुळाचा नातू निघाला! त्याने आम्हाला संध्याकाळी पोपटीला बोलावलं होतं. ताई आधी नको म्हणत होती.

शेताच्या बांधावर मडकं तयार होतं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही.

मुलाची आजी नव्वदीची. तिने ताईला जवळ बसवलं. म्हणाली, "खंडाचं भात तुमच्या वाड्यावर घालून आलो की आमच्या घरात पावसापर्यंत पुरायचं नाही. सासू कणगी खरवडायची." त्यात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. ताई एकदम गप्प झाली. कारण त्या गाड्या तिला आठवत होत्या. भाताच्या गाड्या अंगणात आल्या की आम्ही पोरं नाचायचो. त्या तांदळाची घावनं खायचो. गाडी रिकामी करून माणसं परत कुठे जातात, तिथे काय शिजतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

निघताना आजींनी ताईच्या हातात वालाची पिशवी दिली. ताम्हिणी घाटात अंधारात ताई म्हणाली, "मामाच्या शेतातले वाल..." मग थांबली आणि म्हणाली, "त्यांच्या शेतातले."

मामेभावंडं हे वाचून मला फोन करतील, ठाऊक आहे. जरूर करा. पण आधी एकदा रोह्याला जाऊन या. वाल भिजत घातलेत, रविवारी बिरडं आहे, भांडायला जेवायलाच या!