‘आज किती कॅलरी जाळल्या?’ : फोनमधल्या एका आकड्याचा इतिहास

परवा दवाखान्यात एक काका आले. वय ५८, सात वर्षांपासून शुगर. मुलाने त्यांच्या फोनमध्ये दिवसभरात जाळलेल्या कॅलरी दाखवणारं एक साधं ॲप टाकून दिलं होतं. काका रोज सकाळी पद्मालयाच्या रस्त्याने चालायचे आणि घरी येऊन आकडा बघायचे. आकडा ४००च्या वर गेला की त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी हक्काची! एक दिवस पावसामुळे चालणं झालं नाही, आकडा वाढेना. ‘खर्चच नाही तर जमा कशाला?’ म्हणत काकांनी जेवण टाळलं. शुगरची गोळी मात्र वेळेवर घेतली. दुपारी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. काकूंनी लगेच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं.

“डॉक्टरसाहेब, आकडाच तसा होता ना!” काका म्हणाले. म्हणून आज या आकड्याचीच गोष्ट सांगतो.

बर्फाच्या भांड्यापासून सुरुवात

आपलं एरंडोल म्हणजे जुनी एकचक्रानगरी, असं आपण मानतो. त्यामुळे गाडाभर अन्न फस्त करणाऱ्या बकासुराची गोष्ट इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. पण साध्या माणसाला रोज किती अन्न लागतं, हे मोजायची वाट सापडायला अठरावं शतक उजाडावं लागलं. १७८०च्या दशकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळलं ते मोजलं. श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलनच आहे, असा निष्कर्ष निघाला. आपण आजही कॅलरी ‘जाळल्या’ म्हणतो, ते त्यामुळे चुकीचं नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती आहारातली एक कॅलरी.

पुढे १८९०च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणसाला काही दिवस एका बंद खोलीत ठेवलं. आत गेलेलं अन्न आणि अंगातून बाहेर पडलेली उष्णता, दोन्हींचा हिशोब मांडला. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनं म्हणजे ४ कॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९, हे आकडे त्यांच्याच कामातून रूढ झाले.

पण प्रत्येकाला खोलीत कोंडून कसं मोजणार? १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या नोंदींवरून एक सूत्र काढलं. वय, उंची, वजन सांगा, पडल्या पडल्या शरीर किती कॅलरी खर्च करतं त्याचा अंदाज घ्या. तुमचं ॲप सुरुवातीला हीच माहिती विचारतं, ती अशाच सूत्रांसाठी. ही माणसं अमेरिकेतली होती. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी नंतर परदेशी सूत्राचा आकडा भारतीयांसाठी ५ टक्क्यांनी कमी धरला.

महाराष्ट्रात कॅलरी मोजल्या त्या भुकेसाठी

आपल्या राज्यात या आकड्याची मोठी चर्चा झाली ती वजन कमी करण्यासाठी नव्हे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज सरासरी २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, असा त्यांचा निकष होता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं, तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनची लाल मिलो आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. तेव्हा प्रश्न होता, पोटात पुरेशा कॅलरी गेल्या का?

याच निकषावर पुढे मोठा वाद झाला. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम करून पुण्यात आलेले. त्यांचं म्हणणं होतं की सरासरी गरज ही रेघ म्हणून एकेका माणसावर लावता येत नाही. तोच निरोगी माणूस, तेच काम, तरी त्याचं खाणं आणि खर्च दिवसागणिक वरखाली होतो. दांडेकरांसह अनेकांना त्यांचे निष्कर्ष पटले नाहीत. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं असं मानलं तर खरी भूक कागदावरून पुसली जाईल, ही भीती रास्तच होती.

पण रोजच्या चढउताराचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९५५ साली इंग्लंडमध्ये एडहोम आणि सहकाऱ्यांनी लष्करी छात्रांचं खाणं आणि खर्च रोजच्या रोज मोजला. एकेका दिवसाचा मेळ लागेना. आठवड्याचा हिशोब मात्र बराच जुळला. काकांची चूक नेमकी इथे होती. ते रोज संध्याकाळी खातं बंद करत होते.

फोन नेमकं काय मोजतो?

फोन उष्णता मोजत नाही. त्यातली छोटी चिप हालचालीचे हादरे टिपते, त्यावरून पावलं ठरतात आणि पावलांवरून कॅलरींचा अंदाज. फोन बांधावरच्या पिशवीत ठेवून तुम्ही दिवसभर कापूस वेचला, तर ते कष्ट त्याच्या हिशोबात येतच नाहीत.

६० किलोचा माणूस तासभर साधारण वेगाने चालला तर सुमारे २०० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ६० तर नुसतं बसूनही झाल्याच असत्या. उरल्या १४०. भरितातल्या एका मोठ्या चमचा तेलातच १२० असतात. म्हणून ‘जाळल्या, आता खाऊ’ हा व्यवहार बहुधा तोट्याचा ठरतो. चालण्याचा खरा फायदा शुगर, रक्तदाब, हृदय आणि झोप यांना होतो. तो त्या आकड्यात दिसत नाही.

मग ॲप काढून टाकायचं का?

मुळीच नाही. फक्त असं वापरा:

- रोजचा आकडा बघून जेवण ठरवू नका. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा.
- इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण टाळू नका. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी शुगर तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने दवाखान्यात न्या.

काकांच्या फोनमध्ये ॲप अजून आहे. आता ते आकडा फक्त रविवारी बघतात आणि जेवायला मात्र रोज वेळेवर बसतात.