पर्यावरण-नियमन आणि उद्योग : धार व देवास

पर्यावरण आणि हवामानविषयक नियम बदलले की उद्योगाचा खर्च, जागेची निवड, उत्पादनाची पद्धत आणि कधीकधी खुद्द बाजारपेठही बदलते. मध्य प्रदेशातील माळव्याच्या धार व देवास या जिल्ह्यांत हे सारे परिणाम एकत्र पाहायला मिळतात. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याची मराठी संस्थाने होती. 1948 मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली. देवासला 1970 च्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली. नोटा छापणारा सरकारी छापखाना, चामडे, औषधे, गिअर, पंप आणि सोयाबीनचे तेल ही तिथली ओळख ठरली. धार जिल्ह्यातील पीथमपूर 1980 च्या दशकात, मागास जिल्ह्याला मिळणाऱ्या सवलतींच्या बळावर उभे राहिले. पुण्याच्या फिरोदियांच्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा या कंपन्या तिथल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखानदारांपैकी होत.

उद्योजकाला भेटणारा नियम बहुतेकदा दिल्लीत ठरतो आणि भोपाळमार्गे त्याच्यापर्यंत येतो. पाणी हा घटनेनुसार राज्याचा विषय असल्याने 1974 चा जलप्रदूषण कायदा अनुच्छेद 252 खाली, काही राज्यांच्या विधानसभांनी ठराव केल्यावर संसदेने केला. त्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होते. त्यानंतर 1981 चा वायुप्रदूषण कायदा आला आणि भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. केंद्र किमान मानके ठरवते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती कडक करू शकते, सैल करू शकत नाही. कारखाना उभारण्यापूर्वी एक आणि चालवण्यापूर्वी दुसरी संमती मंडळाकडून घ्यावी लागते. नियमातील बदल उद्योगाला प्रत्यक्षात जाणवतो तो या संमतीपत्रातील अटींतून. म्हणून एकच केंद्रीय अधिसूचना दोन कारखान्यांवर वेगवेगळा भार टाकू शकते.

2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांना प्रदूषण निर्देशांकावरून लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशा चार गटांत बसवले. साठ व त्याहून अधिक गुण मिळालेला उद्योग लाल, वीसपर्यंतचा पांढरा. विद्युत-विलेपन, मूळ औषधद्रव्ये आणि चामडे कमावणे लाल गटात आले, तर केवळ सुटे भाग जोडणारे काही उद्योग पांढऱ्यात. पीथमपूरच्या वाहन-पुरवठा साखळीत याला मोठे महत्त्व आहे. एकाच गाळ्यात जुळणीबरोबर विलेपनाची टाकी असेल तर सगळा उद्योग लाल गटात जातो. म्हणून टाकीचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे देणे सोयीचे ठरते. त्यामुळे प्रदूषण संपतेच असे नाही, ते बऱ्याचदा साखळीतल्या दुबळ्या कडीकडे सरकते. नोव्हेंबर 2024 मध्ये पांढऱ्या गटाला संमतीतून सूट मिळाली आणि 2025 मध्ये कचराप्रक्रियेसारख्या अत्यावश्यक पर्यावरण-सेवांसाठी निळा गट जोडला गेला.

शिक्षेचे स्वरूपही पालटले. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण आणि वायू कायद्यांतील अनेक गुन्ह्यांची कैद काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला; तो एप्रिल 2024 पासून अमलात आला. 2024 च्या दुरुस्तीने जल कायद्यातही तशीच तरतूद केली, मात्र राज्यात ती लागू व्हायला त्या राज्याच्या विधानसभेचा ठराव लागतो. या बदलाने मालकाच्या मानेवरची फौजदारी खटल्याची टांगती तलवार बरीच दूर झाली, ही मोठीच सोय आहे. पण 15 लाखांची कमाल मर्यादा शेकडो कोटींची उलाढाल असलेल्या कारखान्याला आणि दहा कामगारांच्या गाळ्याला एकच आहे. पहिल्याला ती किरकोळ खर्चात बसते, दुसऱ्याला कुलूप लावायला लावू शकते. मोठ्यांवर खरा वचक आहे तो दुसऱ्या दोन गोष्टींचा. एक म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाची पर्यावरण-भरपाई लावण्याची ताकद. दुसरी म्हणजे 2014 च्या आदेशानुसार सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांत बसवलेली, धुराड्याचे व सांडपाण्याचे आकडे अखंड पाठवणारी मापनयंत्रे. तपासनीस रात्री येत नाही. यंत्र रात्रीही मोजते.

देवासचा मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. काळ्या मातीखालच्या दख्खनी कातळात पाणी कमी साठते आणि कूपनलिकांनी ते झपाट्याने उपसले गेले. 1990 च्या दशकात शहराला आगगाडीने पाणी पुरवावे लागले होते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी अतिउपसा झालेल्या क्षेत्रांत नव्या मोठ्या उद्योगांना भूजलाची परवानगी बंद केली. जुन्या कारखान्यांना उपसा वाढवून विस्तार करण्यास मनाई झाली आणि रोज 100 घनमीटरांहून अधिक पाणी काढणाऱ्यांना जललेखापरीक्षण सक्तीचे झाले. सूक्ष्म व लघु उद्योगांना दिवसाला 10 घनमीटरांपर्यंत सूट आहे. देवासच्या उद्योगांसाठी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नेमावरजवळून नर्मदेचे पाणी नळाने आणण्याची योजना याआधीच झाली होती. भूजलाचे नियम आवळल्यावर अशा लांबून आणलेल्या, महाग पाण्यावर भिस्त आणखी वाढते. याच जिल्ह्यात 2006 पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर हजारो शेततळी खोदली. नियम उपसा थांबवतो, पाणी साठवत नाही. ते काम देवासच्या शेतकऱ्यांनी आधी करून दाखवले, ही नोंद घ्यायलाच हवी.

वापरलेल्या पाण्याची बाजू तितकीच खर्चिक आहे. देवासचे सांडपाणी नाल्यांवाटे क्षिप्रेकडे जाते आणि क्षिप्रा उज्जैनला. तिथल्या 2028 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे नदीकाठच्या उद्योगांवर मंडळाची व न्यायालयांची नजर अधिक कडक झाली आहे. औषध व रसायन कारखान्यांना अनेकदा शून्य द्रव विसर्गाची अट पडते, म्हणजे कुंपणाबाहेर सांडपाण्याचा थेंबही जाता कामा नये. त्यासाठी उलट परासरण आणि बहुपायरी बाष्पीभवन संच लागतात. हे संच वाफ आणि वीज भरपूर खातात, म्हणून पाण्याचा नियम पाळताना इंधनाचा वापर आणि कार्बन उत्सर्जन वाढते. शेवटी उरणारे क्षार घातक कचरा म्हणून पुन्हा कुठेतरी न्यावे लागतात.

असा कचरा पीथमपूरला जातो. घातक कचऱ्याचे नियम प्रथम 1989 मध्ये आले. 2008 आणि 2016 मध्ये ते नव्याने लिहिले गेले. कारखान्याने असा कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, तो अधिकृत केंद्राकडे द्यावा, असे त्यांचे सूत्र आहे. पीथमपूरमधील सामायिक केंद्रात भट्टी आणि अस्तर घातलेले भरावस्थळ आहे. राज्यातील कारखान्यांची सोय झाली, पण तिची किंमत तारापूरसारख्या केंद्रालगतच्या गावांनी चुकवली, ही भावना तिथे जुनी आहे. भोपाळ दुर्घटना घडलेल्या युनियन कार्बाइडच्या आवारातील सुमारे 337 टन कचरा उच्च न्यायालयाच्या 3 डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर 2 जानेवारी 2025 रोजी पहाटे बारा कंटेनरांतून इथे आला, तेव्हा ती उफाळून आली. दुसऱ्या दिवशी पीथमपूर बंद पाळला गेला आणि दोन आंदोलकांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी 135, 180 आणि 270 किलो या वेगांनी. उरलेला कचरा मेपासून जाळून 30 जूनला हे काम संपले. जी व्यवस्था शेजाऱ्यांना विश्वासात न घेता चालते, ती कागदावर कितीही निर्दोष असली तरी बंदच्या एका दिवसात अख्खी वसाहत थांबवू शकते, हे या प्रसंगात दिसले.

हवेच्या प्रदूषणाविषयीच्या नियमांचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो वाहन उद्योगात. 1 एप्रिल 2020 पासून देशाने भारत स्टेज चारवरून पाचवी पायरी गाळून थेट सहाव्या टप्प्यात उडी घेतली. इंजिन, धूर-प्रक्रिया यंत्रणा आणि सुट्या भागांचे पुरवठादार या सर्वांना नवी गुंतवणूक करावी लागली. पीथमपूरला मात्र या बदलात संधीही मिळाली. व्होल्वो-आयशरने 2013 मध्ये तिथे इंजिन कारखाना सुरू केला होता आणि युरोपच्या सहाव्या मानकाला अनुरूप इंजिने व्होल्वो समूहाला जगभर पुरवण्याचे काम त्याच्याकडे होते. भारतात कडक मानक येण्याआधी सात वर्षे तशा इंजिनांचा सराव इथल्या कामगारांच्या हाताला झाला. सुमारे 3 हजार एकरांवरील राष्ट्रीय वाहन-चाचणी केंद्रही पीथमपूरलाच आहे, त्याची 11.3 किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी जून 2021 मध्ये खुली झाली. टायर उत्पादकांवर जुलै 2022 पासून जुन्या टायरांच्या पुनर्वापराची वाढती जबाबदारी आली. पीथमपूरजवळच्या खेडा येथील ब्रिजस्टोनचा कारखाना त्याच उद्योगातला.

जून 2023 मध्ये केंद्राने कार्बन पत व्यापार योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर 2025 च्या नियमांनी सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतील 282 उद्योगांना उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्ये दिली. पायाभूत वर्ष 2023-24 धरले आहे. लक्ष्य चुकले तर पतपत्रे विकत घ्यावी लागतात, तीही न घेतल्यास सरासरी किमतीच्या दुप्पट भरपाई. धार जिल्ह्यातील मनावरजवळचा 2018 मध्ये सुरू झालेला सिमेंट कारखाना याच क्षेत्रातला. सिमेंटचे निम्म्याहून अधिक उत्सर्जन चुनखडी तापवताना तिच्यातूनच निघते, म्हणून सौर वीज लावून प्रश्न सुटत नाही. राख मिसळून क्लिंकरचे प्रमाण घटवणे हा पहिला उपाय ठरतो. इतर कारखान्यांना 2022 च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी अधिक मोकळीक दिली. थेट वीज खरेदीची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आल्याने मध्यम आकाराच्या कारखान्यांनाही पवन व सौर वीज घेता येऊ लागली.

नियम कडक असण्यापेक्षा तो केव्हा आणि कसा बदलेल हे न कळणे अनेकदा जास्त महाग पडते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम सुरू झाल्यानंतर दिली जाणारी पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवली. नोव्हेंबरमध्ये बहुमताने तोच निकाल मागे घेतला. मोठी कंपनी असे सहा महिने कायदेसल्लागारांच्या भरवशावर काढते. लघु उद्योजकाला बँक तेवढ्या काळात कर्जाचा पुढचा हप्ता देत नाही.

नव्या वसाहतींत या अनुभवाचा काही अंश आराखड्यातच उतरतो आहे. धार जिल्ह्यातील बदनावर तालुक्यात भैंसोला येथे 17 सप्टेंबर 2025 रोजी पायाभरणी झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्यानात रोज 2 कोटी लिटर क्षमतेचे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि सौर प्रकल्प नियोजित आहेत. रंगाई-धुलाईसारख्या पाणीखाऊ कामात छोट्या उद्योगाला एकट्याने शुद्धीकरण संच परवडत नाही, म्हणून सामायिक केंद्र हाच त्याला आत येण्याचा मार्ग असतो.

निर्यातदारांवर आता परदेशी नियमही लागू होतात. युरोपीय संघाची सीमा-कार्बन व्यवस्था ऑक्टोबर 2023 पासून केवळ माहिती मागत होती; 1 जानेवारी 2026 पासून तिची आकारणीची अवस्था सुरू झाली. तिच्या पहिल्या यादीत लोखंड, पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज होती. त्यांत पोलादी नट-बोल्टही मोडतात. गिअर, पंप आणि तयार वाहने त्या यादीत नव्हती.