लेकरं वरी घ्या

इस्लापूरला उतरलं की सहस्रकुंड दिसायच्या आधी ऐकू येतं. पैनगंगा तिथे काळ्या खडकावर असंख्य धारांनी फुटते आणि खाली कोसळते. अलीकडचा काठ आमच्या नांदेड जिल्ह्याचा, किनवट तालुक्यातला. पलीकडचा यवतमाळचा. काही वर्षांपूर्वी लातूरहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, सगळं फडक्यात बांधून. ऊन पडलं होतं आणि पोरं खडकातल्या एका खळग्यात साचलेल्या पाण्यात डुंबत होती. एक मासे धरणारा माणूस जाळं गुंडाळून आमच्या अंगावरून वर निघाला आणि जाता जाता म्हणाला, “पाणी यायलंय, लेकरं वरी घ्या.”

आम्हाला काहीच वेगळं दिसत नव्हतं. त्याने बोटाने एक दगड दाखवला, हाताच्या ओंजळीएवढा, पांढरट. “मघा कोरडा व्हता.” दगड निम्मा भिजलेला होता. तेवढंच. आम्ही उठलो, ते त्याच्या शब्दाला मान द्यायचा म्हणून. पटलं म्हणून नव्हे. दशम्या खाऊन होईपर्यंत तो दगडही दिसेना आणि पोरं बसली होती तो खळगाही.

३० जून २०२४ च्या संध्याकाळी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेल्याची चित्रफीत मोबाईलवर आली तेव्हा मला तो दगड आठवला. त्या दिवसाचा घटनाक्रम मी त्यानंतर अनेकदा मनात मागे नेऊन पाहिला आहे.

शनिवार, २९ जून. एक दिवस आधी

पुणे आणि रायगडच्या सीमेवरच्या ताम्हिणी घाटात प्लस व्हॅलीतल्या एका कुंडात पिंपरी-चिंचवडकडच्या माणसाने वरच्या खडकावरून उडी मारली. अंगाने धडधाकट, पोहता येणारा. पाण्यातून वर आला, काठाकडे हात मारत राहिला, आणि प्रवाह त्याला पुढच्या घळीत घेऊन गेला. मृतदेह नंतर खाली रायगड जिल्ह्यात सापडला.

ही बातमी रविवारी सकाळी सगळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. पोहोचली असती तरी किती घरांनी ठरलेली सहल मोडली असती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला. आमच्या घराने मोडली नसती. आपण काही उडी मारणार नाही, असंच आम्ही म्हणालो असतो.

रविवार, ३० जून, सकाळ. काही तास आधी

पुण्यातल्या हडपसरचं एक कुटुंब लोणावळ्याला निघालं. घरात लग्नकार्य होतं, त्यासाठी परगावचे पाहुणे आले होते. सोळा-सतरा माणसं, त्यात बरीच लहान मुलं. भाड्याची गाडी केलेली. पाहुण्यांना जवळचं चांगलं काही दाखवावं, एवढाच बेत. यात बेपर्वाई कुठेच नाही. मराठवाड्यातलं प्रत्येक घर हेच करतं.

लोणावळ्यात सकाळपासून जोराचा पाऊस होता. जून संपत आला होता, सुट्टीचा वार, आणि हजारो माणसं घाटाकडे निघालेली. त्यांतल्या बहुतेकांचं शेवटचं ठिकाण एकच असतं, भुशी धरण. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ब्रिटिशांच्या काळात बांधलेलं हे छोटं धरण. ते भरलं की सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि लोक त्या पायऱ्यांवर बसून भिजतात. तिथे पोलीस असतात, भज्यांच्या आणि मक्याच्या कणसांच्या गाड्या असतात, शेकडो अनोळखी माणसांची सोबत असते.

दुपारी बाराच्या सुमारास. थोडाच वेळ आधी

पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसली की माणूस वर बघतो. धरणाच्या मागे, जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगरातून उतरणारे धबधबे दिसतात. तिथे जायला रस्ता नाही, पायवाट आहे. चिखल, झुडपं, शेवाळलेले दगड. काही जागा रेल्वेची, काही वनखात्याची. तिथवर चढून गेलं की गर्दी मागे राहते आणि आपल्या कुटुंबापुरतं पाणी मिळतं. मोठ्या घोळक्याला तेच हवं असतं.

ते कुटुंब तिथे गेलं. पाणी खडकावरून पसरट वाहत होतं. अशा पाण्यात चार वर्षांचं पोरही हात धरून उभं राहू शकतं.

इथे घटनाक्रम थोडा थांबवून डोंगराच्या वरच्या टोकाला जायला हवं. सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि त्याखाली अखंड काळा खडक. आमच्या बालाघाटाच्या रानात पाऊस पडला तर काळी माती आधी पोटभर पिते, भेगा बुजतात, आणि मग ओढ्याला पाणी येतं. तिथे तसं नाही. वरच्या पठारावर सर कोसळली की पाणी मुरायला जागाच नसते. ते सगळ्या बाजूंनी घळीत गोळा होतं आणि उतारावरून धावत खाली येतं. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा कदाचित भुरभुरच असेल. त्याला मारणारं पाणी त्याला न दिसणाऱ्या ठिकाणी आधीच पडून गेलेलं असतं.

आणि पाण्याचं वजन आपण फार कमी धरतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. त्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. जोराच्या प्रवाहात वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय काढून घेऊ शकतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात, पायाखाली शेवाळ आणि कडेवर पोर असताना, ताकदीचा प्रश्न उरतच नाही.

साडेबारा ते दीडच्या दरम्यान

पाणी वाढलं.

दहा जण प्रवाहाच्या मध्यावर एका खडकावर अडकले. चित्रफितीत ते दिसतात: एकमेकांना घट्ट धरलेले, मुलं मोठ्यांच्या अंगाला बिलगलेली, दोन्ही बाजूंनी फेसाळतं पाणी. काठ फार लांब नाही. काठावर माणसं आहेत, ती ओरडताहेत, आणि कुणाच्या हातात दोर नाही.

ते दृश्य पाहून अनेकांनी लिहिलं की यांनी आधीच बाहेर यायला हवं होतं. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी, हे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. पाणी घोट्यावरून पोटरीवर येतं तेव्हा पोरं आनंदाने किंचाळतात. पोटरीवरून गुडघ्याला येतं तेव्हा आई पोराला जवळ ओढते. सगळे एका उंच दगडावर गोळा होतात, कारण घाबरल्यावर आपली माणसं जवळ हवीशी वाटतात. नेमक्या त्याच क्षणी काठ तुटलेला असतो. सहस्रकुंडला आम्हाला तो क्षण कळला नाही. तो जाळंवाल्याला कळला, कारण तो पाण्यात नव्हता आणि दगडाकडे बघत होता.

आधी एकाचा पाय सुटला आणि मग साखळीच सुटली. दहाही जण वाहून गेले. त्यांतले पाच जण काठाला लागून वाचले. पाच जण धबधब्यावरून खाली, भुशीच्या जलाशयात गेले. एक ३६ वर्षांची स्त्री आणि चार मुलं. मुलांत सर्वांत मोठं १३ वर्षांचं, सर्वांत धाकटं ४ वर्षांचं.

रविवार दुपार ते अंधार

लोणावळ्याचे पोलीस आले, शिवदुर्ग मित्रची माणसं आली. शिवदुर्ग ही लोणावळ्यातल्या गिर्यारोहकांची स्वयंसेवी संस्था. सह्याद्रीत कुणी दरीत पडलं, कुणी बुडालं की हीच पोरं आपली कामं टाकून दोर खांद्यावर घेऊन धावतात. आयएनएस शिवाजी या लोणावळ्यातल्या नौदलाच्या तळावरचे पाणबुडेही शोधात उतरले. त्या दिवशी तीन मृतदेह हाती लागले. अंधार आणि पावसामुळे शोध थांबवावा लागला.

त्या रात्री काठावरून परतलेल्या माणसांचं काय झालं असेल, यावर मी काही लिहिणार नाही.

सोमवार, १ जुलै

सकाळी पुन्हा शोध सुरू झाला. आणखी एका मुलीचा मृतदेह मिळाला. चार वर्षांचा मुलगा संध्याकाळपर्यंत सापडला नव्हता. मग तोही सापडला.

त्यानंतर

पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ जुलैपर्यंत मनाई आदेश काढले: खोल पाण्यात उतरू नये, पोहू नये, धबधब्याखाली बसू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये. आदेश योग्यच होते. पण एका वर्षाच्या आतच, १५ जून २०२५ ला, पुन्हा एका रविवारी दुपारी, मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. फलक आणि बंदी पुरे पडत नाहीत, कारण धबधबे हजार आहेत आणि हवालदार मोजके.

मी हे नांदेड-लातूरच्या माणसांसाठी लिहितो आहे, त्याला कारण आहे. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून आलेली रेल्वे लातूरला लागली. लोकांनी तिला जलदूत म्हटलं. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली पोरं आज विशी-पंचविशीत आहेत. त्यांनी पाणी टँकरमध्ये पाहिलं, बॅरलमध्ये पाहिलं, वाहताना फार कमी पाहिलं. आमच्या वडिलांच्या पिढीला विहिरीत ढकलून पोहायला शिकवायचे, कमरेला सुकी पांगाऱ्याची लाकडं नाहीतर डबा बांधून. आता ज्या विहिरींना पाणी आहे त्यांतही कुणी पोराला उतरू देत नाही. म्हणून मृगाचा पाऊस पडला की आमची माणसं ज्या ओढीने गाडी करून सहस्रकुंडला, ताम्हिणीला, लोणावळ्याला धावतात, ती ओढ मला चुकीची वाटत नाही. कोरड्या मुलखाच्या माणसाने पाण्याकडे जाऊच नये, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण पाण्याची ओढ आणि पाण्याची ओळख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे पहिली आहे.

पैनगंगेची गोष्ट तर आणखी निराळी. सहस्रकुंडच्या वर इसापूरचं धरण आहे. धरण भरत आलं की दरवाजे उघडतात आणि ते पाणी वाटेतली गावं ओलांडत धबधब्यावर येतं. तेव्हा तुमच्या डोक्यावर लख्ख ऊनही असू शकतं.

म्हणून पुढच्या वेळी निघाल तेव्हा दशम्यांबरोबर एक दोर गाडीत टाका. निघण्याआधी इसापूरच्या दरवाजांची खबर घ्या, गावात उतरल्यावर तिथल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका. काठावर, पाण्याला अगदी लागून, एक दगड ठेवा. घरातल्या एका मोठ्या माणसाने त्या दिवशी भिजायचं नाही. त्याने फोटो काढायचे नाहीत, मोबाईल बघायचा नाही. फक्त त्या दगडाकडे बघायचं. दगड भिजला, पाणी गढूळलं, वरून काटक्या-पालापाचोळा वाहत आला, की त्याने हाक मारायची, आणि बाकीच्यांनी कारण न विचारता लेकरं वर घ्यायची.