लायडनची निळी पोरं

एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी लेथवर आणि गळती शोधण्यात गेली. ब्रेझिंगचा सांधा डोळ्यांना चकचकीत दिसतो, पण हेलियमचा लीक डिटेक्टर लावला की खरं-खोटं कळतं. म्हणून अतिवाहकतेचा इतिहास वाचताना मी आधी सांधे कुणी जोडले ते शोधतो.

हॉलंडमधल्या लायडनला हेइके कामरलिंग ऑनेस या प्राध्यापकांनी सांधे जोडणाऱ्यांचं मोल ओळखलं होतं. प्रयोगशाळेला हात हवेत म्हणून १९०१ साली त्यांनी उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांच्या शिक्षणाची रीतसर व्यवस्था उभी केली. निळे डगले घालून काम करणारी ही शिकाऊ मुलं ‘निळी पोरं’ म्हणूनच ओळखली जात. प्रयोगशाळेत काचकामावर होते कारागीर ऑस्कर केसेलरिंग, शीतयंत्रांवर खेरित यान फ्लिम.

१० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रवरूप करण्यासाठी पहाटेपासून यंत्रं चालू होती. हेलियम मिळवला होता अमेरिकेतून आणलेल्या मोनाझाइट वाळूतून. संध्याकाळी तापमापकाचा आकडा हलेना. बघायला आलेले एक रसायनशास्त्रज्ञ, श्राइनेमाकर्स, म्हणाले की भांड्यावर खालून उजेड टाका. तेव्हा द्रवाची पातळी दिसली. उणे २६९ अंशांचा हा द्रव जेमतेम ६० मिलिलिटर होता, आणि तो टिकला केसेलरिंगच्या दुहेरी भिंतींच्या निर्वात काचपात्रांमुळे.

८ एप्रिल १९११ला याच द्रवाच्या थंडीत, बारीक काचनळ्यांत गोठवलेल्या पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला आढळला. हीच अतिवाहकता. मोजमाप केलं ऑनेसांचे सहायक खिलेस होल्स्ट यांनी. निबंधावर लेखक म्हणून नाव मात्र एकट्या ऑनेसांचं. हे मला आजही खटकतं.

ऑनेसांनी १९१३ साली शिकागोच्या परिषदेत एक लाख गॉसच्या चुंबकाचं स्वप्न मांडलं. रोधच नाही, म्हणजे तार तापणार नाही; हवा तेवढा प्रवाह सोडा. पुढच्याच वर्षी शिशाच्या गुंडाळीने उत्तर दिलं: काही शे गॉसचं क्षेत्र होताच अतिवाहकता संपते. चुंबकत्व या धातूंना सोसत नाही. १९३३ साली बर्लिनमध्ये माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांना दिसलं की अतिवाहक झालेला धातू आधीच आत असलेलं चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलून देतो.

त्याच सुमारास, १९३२ साली, फ्लिम हेलियमच्या भांड्यात शिशाचं कडं घेऊन विमानाने लंडनला गेले. कड्यात २०० अँपिअरचा प्रवाह बॅटरीशिवाय फिरतच होता. ते भांडं सांभाळून नेणारा माणूस कारागीर होता, याचा मला अभिमान वाटतो.

ऑनेसांचं स्वप्न अडलं होतं तारेपाशी. १९६१ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये कुंझलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निओबियम-कथील संयुग ८.८ टेस्लाच्या, म्हणजे ८८ हजार गॉसच्या क्षेत्रातही अतिवाहक राहून भरपूर प्रवाह वाहून नेतं. पण ते काचेसारखं ठिसूळ. मग त्यांनी काय केलं, तर निओबियमच्या नळीत निओबियम आणि कथलाची भुकटी ठासली, नळी ओढून ओढून तार केली आणि संयुग तयार करण्यासाठी शेवटी भट्टीत तापवली. आधी आकार, मग धातू! डायवर काम केलेल्या माणसाला यातली हुशारी लगेच कळेल. त्यामागोमाग आलेला निओबियम-टायटॅनियम मात्र मुळातच ओढता येण्याजोगा. त्याचे केसाहून बारीक धागे तांब्यात बसवतात. एखादा भाग तापून अतिवाहकता गेलीच तर प्रवाहाला तांब्याची वाट मिळते.

दवाखान्यातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात हीच तार असते. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकातले, कणांची वाट वळवणारे १,२३२ चुंबक हिच्यावरच चालतात.

हेलियमच्या द्रवीकरणावरच्या १९०८च्या निबंधात ऑनेसांनी फ्लिम आणि केसेलरिंग यांचे नाव घेऊन आभार मानले होते. आपल्याकडच्या संशोधकांना माझं एवढंच सांगणं आहे: निबंध छापायला पाठवण्याआधी वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा, सांधा कुणी जोडला ते विचारा आणि ते नाव छापा.