सातबारावरचा खडक आणि त्यावरचा सरडा

मंडळी, इटियाडोह या नावातच पाणी आहे. डोह म्हणजे नदीतली खोल जागा. गोठणगावजवळ गाढवी नदीवर 1970 मध्ये मातीचं धरण झालं, धानाला पाणी मिळालं. आम्ही आज बोलणार आहोत ते मात्र या टापूतल्या उघड्या खडकाबद्दल, आणि त्यावर राहणाऱ्या सरड्याबद्दल.

पूर्व विदर्भापासून छत्तीसगड, ओडिशापर्यंत आढळणारा हा सरडा. त्याचं शास्त्रीय नाव सॅमोफिलस ब्लॅनफर्डेनस. 1871 साली फर्डिनांड स्टोलिच्का यांनी त्याचं वर्णन केलं आणि आपले सहकारी विल्यम ब्लॅनफर्ड यांचं नाव त्याला दिलं. दोघेही भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले, म्हणजे दगड वाचण्याचाच पगार घेणारे! ब्लॅनफर्ड तर 1856 मध्ये ओडिशात तालचेरचे दगडगोटे शोधणाऱ्यांपैकी; इथं कधीकाळी बर्फ होतं, हे त्या गोट्यांवरून ताडलं गेलं. आता गंमत बघा. नावाचा पहिला भाग, सॅमोफिलस, व्हिएन्नाच्या फिट्झिंगर यांचा, 1843 चा. ग्रीक अर्थ काय? वाळूप्रिय. राहणं खडकावर, नाव वाळूचं! नाव आणि वस्तू यांचं नातं शिकवण्यात आमचा जन्म गेला. इतकं सोपं उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर बरं झालं असतं.

प्राणी मात्र खडकाचाच. अंग चपटं, कारण पळून शिरायचं ते फटीत. मादी तपकिरी, ठिपकेदार. दगडावर बसली की नजर फसते. विणीच्या दिवसांत नराचं डोकं नि खांदे लालभडक, मागचं अंग काळं. उंच दगडावर बसून तो मान वर-खाली करतो. ससाण्यालाही दिसावं इतकं हे उघडं धाडस, आणि जवळची फट हाच त्याचा विमा.

आता आपला कागद काय म्हणतो? सातबारावर असा खडक 'पोटखराबा' म्हणून लागतो. महसुलाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, तिथं पीक येत नाही. पण खराबा म्हटल्यावर तो फोडून गिट्टी करायला मन कचरत नाही. झाड तोडलं तर निदान बोंब होते. झाड पुन्हा लावताही येतं. फुटलेल्या कातळाची फट कशी लावणार?

उन्हाळ्याच्या शेवटी तिकडे गेलात तर दगडांच्या माथ्यांकडे बघा. लाल डोकं दिसलं तर दुरूनच बघा बरं का, जवळ गेलात की तो फटीत.