मार्केटातलं लग्न आणि हॉलमधलं लग्न

बाबासाहेबांचं लग्न कुठं लागलं? भायखळ्याच्या मार्केटात, १९०६ च्या सुमारास. दिवसाचा बाजार उठला आणि रात्री तिथंच वऱ्हाड बसलं. एका कोपऱ्यात नवऱ्याकडची माणसं, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडची. बाजाराचे दगडी ओटे हेच बाकडे. पायाखालून गटाराचं पाणी वाहत होतं.

दोस्तांनो, ही सोयरीक बरोबरीची नव्हती. नवऱ्याचा बाप रामजी सुभेदार, पलटणीतला पेन्शनर. पोरगा एल्फिन्स्टन हायस्कुलात. नवरीचा बाप भिकू धुत्रे, दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहणारा. रमाचे आईबाप दोघंही गेलेले. नातेवाइकांनी सांभाळलेली ती पोर. सुभेदारांच्या घरातही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. भीमाबाई वारल्यावर सुभेदारांनी दुसरं लग्न केलं, ते भीमरावाला रुचलं नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून त्याचं डोकं फिरलं. नवरा पंधरा-सोळाचा, नवरी नऊच्या आसपास. बालविवाहच तो, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण सुभेदारानं हमालाची पोर सून म्हणून घरात आणली, हे विसरायचं नाही. त्या घराला तेव्हा तरी पगाराच्या आकड्यानं सोयरा तोलावासा वाटला नाही.

बालपणी लग्न झालेला हाच माणूस २० जुलै १९४२ ला नागपुरात आपल्या बायांच्या परिषदेत उभा राहिला. पोरांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पैशानं पेलता येईल तेव्हाच करा, असं त्यानं सांगितलं. बायको नवऱ्याची दासी नाही, बरोबरीची मैत्रीण झाली पाहिजे, हेही सांगितलं.

भटाशिवाय लग्न लावायची वाट त्याआधीच पडली होती. २५ डिसेंबर १८७३ ला जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न लावलं. बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हा ती वाट आणखी सरळ केली. निर्वाणाच्या दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात त्यांनी बौद्ध लग्नाचा विधी कळवला. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्यानं भरलेलं नवं मडकं, सुताचा धागा, पांढरे कपडे, मंगलसुत्त. झालं लग्न! मडक्याला आणि धाग्याला किती पैसे पडतात? सावकाराच्या दारात जायचं कामच नाही.

मग सावकार परत आला कुठून? आपल्याच शिकलेल्या पोरांच्या बापांनी आणला. राखीव जागेतून नोकरी लागली, कॉलनीत ब्लॉक मिळाला, की पोराचा भाव ठरतो. क्लार्कचा वेगळा, इंजिनेराचा वेगळा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, म्हणून हुंड्याला 'हौसेनं दिलं' म्हणायचं. झोपडपट्टीतली सोयरीक नको, म्हातारा हमाल मामा फोटोत नको. अशांना आपल्यात 'दलित ब्राह्मण' म्हणतात ते उगाच नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, त्रिसरण-पंचशील खणखणीत, आणि मागच्या खोलीत मुलीचा बाप नोटा मोजतोय. जातीनं आपल्याला गावाबाहेर ठेवलं. आता आपणच आपल्या माणसांना हॉलबाहेर ठेवतोय.

भाषणं पुष्कळ झाली. ज्याचं लग्न ठरतंय त्या पोरानं आपल्या बापासमोर उभं राहून बोललं पायजे. मोर्चात घसा फोडणं त्यापेक्षा सोपं असतं. आणि पत्रिकेवर जयभीम छापून हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जायचं नाही, एवढं तरी आपल्या मंडळात ठरवा. तो सख्खा भाऊ असला तरी.